उतारवयातील आहार : भाकरी तीच ठेवून ताट कसे भरावे

साठी-पासष्टी ओलांडली की सोलापुरातल्या बहुतेक घरांत एक वाक्य कानावर येऊ लागते : ‘आता हलकेच खायचे.’ त्यामागची काळजी खरी असते, परंतु त्या ‘हलके’चा जो अर्थ घरोघरी लावला जातो तो ज्येष्ठांना महागात पडतो. प्रथम आमटीतली डाळ कमी होते. मग उसळी वातूळ म्हणून, दही कफकारक म्हणून, शेंगदाणे पित्त वाढवतात म्हणून आणि अंडे उष्ण पडते म्हणून ताटातून एकेक करून निघून जातात. शेवटी उरतात ती दीड भाकरी किंवा मऊ भात, वर पाण्यासारखी आमटी आणि दिवसातून तीन-चार वेळा चहा-बिस्किटे. अशा जेवणाने पोट भरते, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही त्यावर घेता येतात, पण दंड-मांड्यांचे स्नायू झिजत जातात, आणि वर्षा-दोन वर्षांत आजोबांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागतो. घरचे लोक त्याला ‘वय झाले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग उपाशी राहण्याचा असतो.

या मार्गदर्शनात ज्वारीची भाकरी, आमटी, ताक आणि शेंगा चटणी यांपैकी काहीही सोडण्याचा सल्ला नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी आणि भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी ज्या जिल्ह्यात पिकते, तेथल्या ज्येष्ठांना ओट्सच्या डब्याकडे वळवण्याचे कारण दिसत नाही. भाकरीच्या सोबत काय असावे, ते किती मऊ असावे आणि दिवसभरात कसे वाटून खावे, एवढेच येथे पायरीपायरीने सांगितले आहे. मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा हृदय निकामी होण्याचा आजार असलेल्यांनी प्रथिने, मीठ आणि पाणी यांचे पुढे दिलेले आकडे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नयेत.

पहिली पायरी : आधी माणूस पाहावा, मग ताट

कोणताही बदल करण्यापूर्वी वजन करून घ्यावे आणि ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. त्यानंतर दर महिन्याला, शक्यतो त्याच काट्यावर, सकाळी न्याहारीपूर्वी पुन्हा वजन करावे. काहीही ठरवून न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलो कमी झाले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. ‘बरे झाले, जरा सडसडीत झालात’ असे कौतुक तिशीतल्या माणसाचे करावे. सत्तरीत नकळत घटलेले वजन हे बहुधा केवळ चरबीचे नसून स्नायूंचेही असते. उतारवयात थोडे जास्त वजन असणे हे फार कमी असण्यापेक्षा सहसा कमी धोक्याचे असते.

काटा हाताशी नसेल तर इतर खुणा पाहाव्यात. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागणे, पोलक्याची शिवण आत घ्यावी लागणे, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागणे, पूर्वी घट्ट बसणारी कवळी बोलताना हलणे, या सगळ्यांचा अर्थ एकच असतो. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजता येतो; तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू बरेच घटल्याची शक्यता धरून डॉक्टरांना दाखवावे. पायांवर सूज असेल तर मात्र हे माप फसवते.

यानंतर तीन दिवस ज्येष्ठ व्यक्तीने प्रत्यक्षात काय खाल्ले ते लिहावे. ताटात काय वाढले ते लिहून उपयोग नाही. घरातील सून सांगते की सासूबाई दोन भाकऱ्या खातात, आणि त्यांतली अर्धी भाकरी रोज गायीसाठी बाजूला पडत असते, हे असे लिहिल्याशिवाय लक्षात येत नाही. याच तीन दिवसांत तोंडातली परिस्थितीही पाहून घ्यावी : दात हलतात का, कवळी लागते का, जिभेची आग होते का, गिळताना ठसका लागतो का. न खाण्याचे कारण पुष्कळदा पोटात नसते, ते तोंडात असते.

दुसरी पायरी : प्रत्येक जेवणात प्रथिनांची जागा ठरवावी

या लेखातील एकच पायरी अमलात आणायची असेल तर ही आणावी. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. वय वाढले की खाल्लेल्या प्रथिनांपासून स्नायू बांधण्याची शरीराची क्षमता मंदावते, म्हणून पासष्टीनंतर दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असे या विषयातील तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या आजींना दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने हवीत. भूक कमी झालेली असताना गरज मात्र वाढलेली असते, आणि म्हणूनच ‘हलके’ खाण्याचा सल्ला जसाच्या तसा पाळणे धोक्याचे ठरते.

अशाच एका ‘हलक्या’ दिवसाचा हिशोब करून पाहू. दोन वेळच्या चहातले दूध आणि चार बिस्किटे मिळून ५ ते ६ ग्रॅम, दुपारची एक भाकरी ५ ग्रॅम, भाजी आणि पातळ आमटी ४ ग्रॅम, रात्रीचा भात आणि पातळ वरण ६ ग्रॅम, झोपताना अर्धा कप दूध ३ ग्रॅम. बेरीज पंचविसाच्या आसपास थांबते, म्हणजे गरजेच्या निम्मीही नाही.

आता हाच दिवस घरातल्याच जिनसांनी भरता येतो. सकाळी उठल्यावर एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर दूध घेतले तर ६ ते ७ ग्रॅम मिळतात. न्याहारीला अर्धी वाटी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम मुगाच्या डाळीच्या पिठाचे मऊ धिरडे केले तर त्यातून सुमारे १२ ग्रॅम आणि सोबतच्या अर्ध्या वाटी दह्यातून ३ ग्रॅम मिळतात. दुपारी ८० ग्रॅम पिठाच्या दोन लहान भाकऱ्यांतून ८ ग्रॅम, माणशी ३० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीच्या घट्ट आमटीतून साडेसहा ग्रॅम, भाजीतून २ आणि दह्यातून ३. चारच्या सुमारास २० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे कूट दह्यात किंवा थोड्या गुळात कालवून घेतल्यास ५ ग्रॅम. रात्री ४० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळीच्या आसट खिचडीतून १० ग्रॅम, सोबत एक उकडलेले अंडे किंवा एक पेला दूध असेल तर आणखी ६. एकूण ६० ग्रॅमच्या पुढे बेरीज जाते, आणि यात बाजारातून आणलेल्या पावडरीचा एक चमचाही नाही.

या हिशोबात एक गोष्ट जाणूनबुजून केली आहे : प्रथिने तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून दिली आहेत. आपल्याकडे न्याहारीला पोहे, उपमा किंवा चहात बुडवलेली खारी असते, म्हणजे रात्रभराच्या उपासानंतर शरीराला पुन्हा पिष्टच मिळते. सकाळच्या पोह्यांत मूठभर मोड आलेले मूग वाफवून घालणे, उपम्यात भिजवलेली मूगडाळ टाकणे किंवा धपाट्याच्या पिठात बेसनाचे प्रमाण वाढवणे हे सूनबाईंना फारसे वेगळे काम न लावता होण्यासारखे आहे.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. धान्य तीन भाग तर डाळ-कडधान्य एक भाग हे प्रमाण सांभाळावे. म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम धान्य पोटात जात असेल तर किमान पन्नास ग्रॅम डाळ हवी. हुलग्याचे माडगे, पिठले, डाळ-कांदा, शेंगदाण्याचे कूट लावलेली मेथीची पातळ भाजी, हे आपल्याकडचे जुने पदार्थ हे काम चोख करतात. पिठले हे गरिबाघरचे जेवण म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी त्यातल्या बेसनात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात हे ध्यानात घ्यावे.

मांसाहारी घरांत अंडे हा सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. हृदयरोग नसलेल्या बहुतेकांना दिवसाला एक अंडे चालते. मटणाचे तुकडे चावत नसतील तर बारीक खिमा मऊ शिजवून द्यावा. उजनीची मासळी चांगलीच, पण चिलापीसारख्या माशांचे काटे वेचून, बोटांनी चाचपून मगच ताटात वाढावी. कमी दिसणाऱ्या व्यक्तीच्या हाती अख्खा तुकडा देऊ नये.

उसळींनी पोट फुगते ही तक्रार खरी आहे. ती दूर करण्यासाठी उसळ बंद करण्याऐवजी कडधान्य आठ-दहा तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड आणावेत, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावे आणि जिरे, हिंग, आले घालावे. सुरुवात दोन चमचे मुगापासून करून आठवडाभराने प्रमाण वाढवावे; हरभरा आणि वाटाणा सर्वांत शेवटी आणावेत. आतडी हळूहळू सरावतात.

खाल्लेल्या प्रथिनांचे स्नायू व्हायचे तर त्या स्नायूंना काम हवे. भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे, सुरुवातीला पाच वेळा आणि जमेल तसे दहा-बारा वेळा, दिवसातून दोनदा करावे. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने रोज फिरणाऱ्यांनीही हे करावे, कारण सपाटीवर चालण्याने मांड्यांना तेवढा ताण मिळत नाही.

तिसरी पायरी : चावता येत नसेल तर पदार्थ बदलू नये, त्याचे रूप बदलावे

दात गेले की घरात डाळ-भात सुरू होतो आणि मग भाजी, फळे, कडधान्ये सगळीच मागे पडतात. कवळी बसवून घेणे हा आहाराचाच भाग मानावा. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळले, भाकरी पातळ थापली आणि तव्यावरून काढताच सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर ती तासाभरानेही मऊ राहते. ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी विरी जाते, म्हणजे थापताना तुटते, आणि कडकही होते, म्हणून ज्येष्ठांच्या घरी दळण थोडे थोडे, आठवड्यापुरतेच आणावे. कडक भाकरी तर सोलापूरची ओळखच आहे; ती चुरून गरम घट्ट आमटीत दहा मिनिटे भिजू द्यावी, म्हणजे कवळी नसलेल्यालाही तिचा काला खाता येतो. त्याखेरीज ताकातल्या ज्वारीच्या कण्या, आंबील आणि माडगे हे पदार्थ आजारपणातून उठलेल्यांसाठी उत्तम आहेत. आंबील मात्र पातळ असते आणि पोट लवकर भरल्याचा भास होतो. ती जेवणाच्या जागी न देता मधल्या वेळेला, दूध किंवा दही घालून घट्ट करून द्यावी.

शेंगा चटणीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण ती येथे रोजच्या ताटात असते. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅममागे पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि भरपूर स्निग्धांश असतो. म्हणून भूक मंदावलेल्या माणसासाठी ती थोडक्यात पुष्कळ देणारी आहे. तिच्यात दोष दोन. बाजारच्या चटणीत मीठ आणि तिखट सढळ असते, आणि कोरडी भुकटी घशात अडकून ठसका लागण्याचा धोका ज्येष्ठांना अधिक असतो. घरी कमी मिठाची चटणी कुटावी आणि ती नेहमी दह्यात कालवूनच वाढावी. शेंगदाणे निवडताना काळपट, बुरशी आलेले किंवा कडवट दाणे निर्दयपणे फेकून द्यावेत. त्या बुरशीतले विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

पालेभाज्या बारीक चिरून डाळीत शिजवाव्यात. हिवाळ्यात करडई, चाकवत, मेथी आणि शेपू, इतर वेळी तांदुळजा, घोळ आणि अंबाडी, अशा भाज्या मंडईत सहज मिळतात. फळांपैकी पपई, केळे आणि चिकू तसेच खाता येतात, पेरू बिया काढून किसून देता येतो. डाळिंबाचा तर हा जिल्हाच आहे आणि त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. पण दाणे चावत नाहीत म्हणून रस काढून दिला की चोथा निघून जातो आणि साखर तेवढी उरते. मधुमेह नसलेल्यांनी अर्धी वाटी रस अधूनमधून घ्यायला हरकत नाही. हुरड्याच्या दिवसांत कोवळा हुरडा वाफवून, थोडा ठेचून दह्यासोबत दिला तर आजोबाही पंगतीत बसू शकतात.

वयानुसार चव आणि वास मंदावतात, तेव्हा ‘कशालाच चव नाही’ ही तक्रार खोटी नसते. त्यावर मीठ वाढवण्याऐवजी लिंबू, कोथिंबीर, भाजलेले जिरे, लसणाची फोडणी आणि आमसूल यांचा वापर करावा, आणि जेवण गरम वाढावे. थंड झालेल्या जेवणाला वास उरत नाही.

चौथी पायरी : उन्हाळ्याच्या आधी पाण्याची सवय लावावी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि नेमकी वयानुसार तहानेची जाणीव कमी झालेली असते. ‘तहान लागली की पितो’ हे उत्तर ज्येष्ठांकडून स्वीकारू नये. दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावा. त्यात चहा, ताक, आमटी, दूध सगळे धरावे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सकाळी दोन बाटल्या भरून समोर ठेवणे आणि संध्याकाळी सातच्या आत त्या संपवणे. रात्री लघवीला उठावे लागते म्हणून अनेक आजी दिवसभर पाणी तोडतात, आणि लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता व चक्कर ओढवून घेतात. त्यापेक्षा सातनंतर पाणी कमी करणे योग्य. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात साठवणीचे पाणी हाही आहाराचाच विषय होतो. पिण्याचे पाणी झाकलेल्या भांड्यात ठेवावे, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे आणि ज्येष्ठांसाठी उकळून थंड करावे. माठ त्यांच्या कमरेच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे वाकावे लागत नाही आणि कुणाला हाकही मारावी लागत नाही.

जुलाब, उलट्या किंवा उन्हाचा त्रास झाल्यास जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे. मोठे पाकीट साधारणतः एक लिटरसाठी असते. अर्ध्या पाकिटाचा अंदाजपंचे घोल करू नये. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

पाचवी पायरी : मीठ, साखर आणि तेल यांत तारतम्य ठेवावे

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट लहान चमचा. पापड, लोणचे, फरसाण, खारी आणि विकतची चटणी यांतच ती संपून जाते. पोटॅशियम असलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घातक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच आणावे.

ज्वारीने साखर वाढत नाही हा समज येथे फार घट्ट बसला आहे. ज्वारीही पिष्टच आहे. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. मधुमेहींनी भाकरीचे प्रमाण ठरवून घ्यावे, आणि आधी भाजी-आमटीचे चार घास खाऊन मग भाकरीला हात लावावा. गुळाला मधुमेहात कोणतीही सवलत नाही. याउलट ऐंशीच्या पुढच्या, वजन घटत चाललेल्या व्यक्तीवर तरुण मधुमेहीसारखे कडक पथ्य लादणे हेही चूक आहे. अशा वेळी साखरेचे उद्दिष्टच थोडे सैल करावे का, हे डॉक्टरांना विचारावे.

तेलाबाबतही तसेच. स्थूल व्यक्तीने तळण कमी करावे; परंतु किडकिडीत आजीच्या भाकरीवरचे चमचाभर तूप काढून घेण्यात शहाणपण नाही. घरात शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल आलटून पालटून वापरावे.

सहावी पायरी : हाडे आणि नसा

कॅल्शियमची रोजची गरज १००० ते १२०० मिलिग्रॅम असते. पाव लिटर दुधातून त्यातले सुमारे ३०० मिळते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. दूध पचत नसेल तर दही आणि ताक बहुधा पचते. भाकरीच्या पिठात चार भाग ज्वारीला एक भाग नाचणी दळून घेणे आणि भाकरीवर तीळ थापणे या दोन्ही गोष्टी सहज होतात.

सोलापुरात उन्हाची वाण नाही, तरीही घरात बसून राहणाऱ्या ज्येष्ठांत ड जीवनसत्त्वाची कमतरता राहते. सकाळचे कोवळे ऊन प्रसन्न करते, पण त्वचेत ड जीवनसत्त्व फारसे तयार करत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन त्यासाठी लागते. मे महिन्यात ते साडेनऊलाच मिळते आणि तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत आत यावे. डिसेंबरात दुपारी बाराच्या आसपास बसावे लागते. रक्त तपासणीत कमतरता निघाल्यास गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्याव्यात. आठवड्याची गोळी रोज घेतल्याने विषबाधा होते.

ब-१२ जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस आणि मासे यांतूनच मिळते. शुद्ध शाकाहारी आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या घरांत ते हमखास कमी पडते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही त्याचे शोषण घटते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, जिभेची आग, विसराळूपणा या तक्रारी वयावर ढकलण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी, कारण ही कमतरता वेळेत सापडली तर भरून निघते आणि उशीर झाल्यास नसांचे नुकसान कायमचे राहू शकते.

सातवी पायरी : गोळ्या आणि जेवण यांचे वेळापत्रक

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, आणि या दोघीही एकमेकींसोबत घेऊ नयेत. जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातले लोह नीट शोषले जात नाही; तासभर थांबावे, आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करू नये, परंतु आज वाटीभर आणि मग पंधरा दिवस काहीच नाही असेही करू नये. प्रमाण रोज सारखे ठेवावे. सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून दर भेटीला डॉक्टरांसमोर ओतावीत. भूक मारणारी एखादी गोळी त्यातच सापडते.

आठवी पायरी : उपवास

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तेथे एकादशी सोडा असे ज्येष्ठांना सांगणे निरर्थक आहे, आणि आवश्यकही नाही. सांगायचे ते एवढेच की साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. उपवासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा लापशी, दही, दूध आणि फळे घेतल्यास तो दिवस प्रथिनांवाचून जात नाही. निर्जळी उपवास सत्तरीनंतर करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी एकदम खाली येते. घाम, थरथर आणि गोंधळल्यासारखे वाटू लागल्यास ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, आणि त्या वेळी व्रताचा विचार करू नये. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या मधुमेही ज्येष्ठांनी महिनाभर आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. श्रावणात आठवड्यातून तीन-तीन उपवास धरणाऱ्या, वजन घटलेल्या आजींना मात्र घरातल्या थोरामोठ्यांनी समजावून एकावर आणावे.

नववी पायरी : एकटे राहणाऱ्यांची चूल

मुले पुण्या-हैदराबादला आणि आई-वडील येथे, हे चित्र आता पेठांतही दिसते. एकट्यासाठी कोण डाळ शिजवणार, म्हणून चहा-टोस्टवर रात्र निघते. अशा घरांत तीन गोष्टी नेहमी भरलेल्या असाव्यात : भाजलेल्या मूगडाळीचे आणि ज्वारीचे एकत्र पीठ, ज्याची दहा मिनिटांत लापशी होते, शेंगदाण्याचे कूट, आणि रोजचे दूध किंवा दही. शेजारच्या घरातून डबा लावायचा असेल तर भाकऱ्यांची संख्या ठरवण्याऐवजी घट्ट डाळीची वाटी ठरवावी. फोनवर ‘जेवलीस का आई’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर येते. ‘आज आमटी कशाची केलीस’ असे विचारावे. शक्य असेल तर आठवड्यातून काही वेळा दोघा-तिघा समवयस्कांनी एकत्र जेवावे, कारण सोबत असली की जेवण खरोखरच जास्त जाते.

प्रथिनांच्या डब्यांविषयी येथेच सांगून टाकावे. शस्त्रक्रियेनंतर किंवा मोठ्या आजारात, अन्न जातच नसेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांचा उपयोग होतो. एरवी त्याच पैशांत महिनाभराचे दूध आणि अंडी येतात.

दहावी पायरी : भरवताना आणि गिळताना

अंथरुणाला खिळलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या व्यक्तीला आडवे ठेवून कधीही भरवू नये. पाठीमागे तक्के लावून ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा आणि पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवावे आणि चूळ भरायला लावावी. कोरडा भात, चुरमुरे, कोरडी चटणी आणि आमटीत भाकरीचे तरंगते तुकडे हे सर्वांत जास्त ठसका लावतात. त्याऐवजी एकसारखे घट्ट, चमच्यावरून सावकाश घसरणारे अन्न सोपे जाते.

पाणी पिताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर येणे, पुन्हा पुन्हा ताप व खोकला होणे, ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हे असू शकतात. तसेच वजन सतत घटणे, दोन-तीन दिवस जेवण निम्म्याहून कमी होणे, काळा शौच, गिळताना अडकल्यासारखे वाटणे, अचानक गोंधळलेले बोलणे किंवा दिवसभर लघवी न होणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा शासकीय रुग्णालयात न्यावे, आणि जाताना वजनाची नोंद व गोळ्यांची पिशवी सोबत घ्यावी.